गोली व्हायला दुसऱ्याचं नशीब फुटावं लागतं का? (निमित्त: मानुएल नॉयरची शाल्केतली सुरुवात)

उजवी_उडी

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, उदाहरण जर्मनीतलं.

माझा भाचा सोळा वर्षांचा. पुण्यात एका क्लबकडून खेळतो, गोली आहे. म्हणजे कागदावर आहे. दोन वर्षं दुसऱ्या नंबरचा गोली म्हणून बेंचवर बसतोय. वॉर्म-अपला पहिल्या गोलीला शॉट मारून द्यायचे आणि मग पाण्याच्या बाटल्यांची राखण करायची. परवा ताईचा फोन आला, "तो म्हणतोय मला गोली नकोच, डिफेंडर व्हायचंय. तू समजाव त्याला, तुझंच वेड आहे हे."

मग मी माझं हुकमाचं पान काढलं. नॉयर. जर्मनीचा विश्वविजेता गोलकीपर. जन्म २७ मार्च १९८६, गाव गेल्झेनकिर्शन, पाच वर्षांचा व्हायच्या आसपास गावच्याच शाल्के क्लबच्या पोरांमध्ये दाखल. शाळाही क्लबच्या मैदानाला लागूनच. चौदाव्या वर्षाच्या सुमाराला उंचीने इतका मार खात होता की क्लब त्याला नारळ द्यायच्या विचारात होता, त्याच्या गोलकीपिंग कोचने अडवून धरलं. २००५ साली व्यावसायिक करार. समोर फ्रांक रॉस्ट, तेहतिशीचा, अनुभवी, जर्मनीकडून खेळलेला. वीस वर्षांच्या पोराला कोण विचारतंय? आणि १९ ऑगस्ट २००६ ला आखेनमध्ये रॉस्ट जखमी असल्यामुळे नॉयरला बुंडेसलिगातली, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीतली, पहिली मॅच मिळाली. शाल्के १-० जिंकलं. पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे.

मी मोठ्या रंगात येऊन हे सांगितलं. भाच्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मामा, आमच्या पहिल्या गोलीला लागायची वाट बघू का मी?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?

वाचनवेडी

वाचतेय. भाचा हुशार आहे, एवढं सांगून ठेवते.

पेठकरी

भावा, तुझ्या भाच्याला कोल्हापूरला पाठव. आमच्याकडं गोलीला लागायची वाट बघावी लागत नाही. दोन मॅच हरल्या की पेठ स्वतःच पहिल्या गोलीला घरी बसवते.

गंमत सोड. मी तीन सीझन एका तालीम मंडळाच्या ब संघात दुसरा गोली होतो. शाहू स्टेडियमवर गोलच्या मागं जी पब्लिक बसते ना, ती तुमच्या घरच्यांची चौकशी नव्वद मिनिटं करत असते. मला पहिली मॅच मिळाली ती आमच्या पहिल्या गोलीच्या बहिणीच्या लग्नामुळं. जखम नाही, हळद. चार गोल खाल्ले. पुढच्या आठवड्यात तो हळदीचे हात घेऊन परत उभा आणि मी परत बाटल्यांजवळ. तेव्हा नुसती संधी मिळून भागत नाही. मिळाल्यावर काय केलंस ते पेठ चाळीस वर्षं लक्षात ठेवते. अजून मला "चार नंबर" म्हणतात.

रूरकाठी

बारा वर्षं रूर भागात राहतोय, त्यातली तीन गेल्झेनकिर्शनमध्येच. त्यामुळे या धाग्यावर बोलायचा हक्क बजावतो. :)

धागाकर्त्याने गोष्ट सांगितली, पण तिचा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा गाळला. आखेनची मॅच ही संधी खरी, पण ती तेवढ्यापुरतीच. रॉस्ट बरा झाला आणि परत गोलमध्ये उभा राहिला. नॉयर पुन्हा बेंचवर. खरा निर्णय नोव्हेंबर २००६ मध्ये झाला. समोर म्युनिकचा बायर्न, घरचं मैदान, आणि कोच मिर्को स्लोमकाने धडधाकट रॉस्टला बसवून नॉयरला उतरवलं. इथे कोणाचा पाय मोडला नव्हता. मॅच २-२ सुटली. बरोबरीच, पण त्यानंतर रॉस्टला जागा परत मिळाली नाही आणि जानेवारी २००७ मध्ये तो हाम्बुर्गला गेला.

तेव्हा भाच्याला असं सांगा: जखमेने दार किलकिलं झालं, ते ढकलून उघडलं कोचने. आणि कोचने का उघडलं? कारण आखेनमध्ये आणि रोजच्या सरावात त्याने काहीतरी पाहिलं होतं.

थोडं गावाबद्दल. हे खाणकामगारांचं गाव. शाल्केच्या खेळाडूंना आजही "क्नाप्पन" म्हणजे खाणीतले गडी म्हणतात. स्टेडियममध्ये खेळाडू ज्या बोगद्यातून मैदानात येतात तो कोळशाच्या खाणीसारखा सजवलाय. मॅचआधी साठ हजार लोक खाणकामगारांचं गाणं म्हणतात. खाणी सगळ्या बंद झाल्या, शेजारच्या बोट्रॉपची शेवटची २०१८ च्या डिसेंबरात. गाणं चालूच आहे. ३०२ नंबरच्या ट्रामने स्टेडियमला उतरलं की नॉयरची शाळा तिथून चालत काही मिनिटांवर. ओझिल, ड्राक्सलर, हवेडेस, साने सगळे तिथलेच. अशा गावात घरचा पोरगा घरच्या गोलमध्ये उभा राहतो तेव्हा वीस वर्षांच्या खांद्यावर काय बसत असेल याचा अंदाज करा. त्यात शाल्के शेवटचं लीग जिंकलं १९५८ साली!

शुद्धलेखन_आजोबा

ते नेउर, न्यूअर, नोयर की नॉयर? आणि श्काल्के की शाल्के? एकदा ठरवा आणि मग भांडा.

रूरकाठी

आजोबा, नॉयर. अर्थ "नवा". शाल्केच्या शेवटच्या "के"मधला ए अर्धाच म्हणायचा, पण तो देवनागरीत बसत नाही, तेव्हा शाल्केच चालवून घ्या.

बव्हेरियन_बंड्या

माझं मत वेगळं आहे आणि ते कडू आहे. धागाकर्ते, भाच्याला डिफेंडर होऊ द्या.

नॉयरची गोष्ट सगळे सांगतात कारण नॉयर नॉयर झाला. मिखाएल रेन्झिंगची कोण सांगतं? मी सांगतो, कारण मी बायर्नवाला आहे आणि ते सगळं डोळ्यांनी पाहिलंय. रेन्झिंग नॉयरपेक्षा दोनच वर्षांनी मोठा. २००३ पासून ऑलिव्हर कानच्या मागे उभा. पाच वर्षं! सगळे म्हणायचे हाच वारसदार. २००८ ला कान निवृत्त झाला, रेन्झिंग पहिला गोली झाला. आणि २००९ च्या एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या मॅचला कोच क्लिन्समनने त्याला बसवून पस्तिशीच्या हान्स-यॉर्ग बुट्टला उतरवलं. (चार खाल्ले, ते सोडा.) पाच वर्षं वाट, आणि एक हंगामही पुरा मिळाला नाही.

पुढे २०११ च्या जानेवारीत तेव्हाच्या कोच फान खालने बुट्टला बसवून तरुण टोमास क्राफ्टला उभं केलं. एप्रिलमध्ये फान खाल गेला, बुट्ट परत आला आणि उन्हाळ्यात क्राफ्ट बर्लिनला. का? कारण नॉयर येत होता.

म्हणजे एकाच क्लबमध्ये दोन गुणी पोरं वाट पाहून पाहून संपली. बाकीच्या दहा जागांचं तसं नाही. राइट बॅक नाही जमला तर लेफ्ट बॅक, नाहीतर मिडफिल्डला ढकलतात. शेवटच्या वीस मिनिटांत उतरवतात. गोलीला कोणी "जा, वीस मिनिटं खेळून ये" म्हणत नाही. जागा एक, उमेदवार तीन, आणि पहिला धडधाकट.

तिरकी_किक

बंड्याच्या प्रतिसादात मला फक्त बुट्ट दिसतोय. :))

अवांतर आहे, पण राहवत नाही. हा माणूस पेनल्टी मारायचा! बुंडेसलिगात २६ गोल आहेत त्याच्या नावावर. चॅम्पियन्स लीगमध्ये (युरोपातल्या बड्या क्लबांची स्पर्धा) तीन, तिन्ही युव्हेंटसविरुद्ध, आणि तिन्ही वेगवेगळ्या क्लबकडून: हाम्बुर्ग, लेव्हरकूझन, बायर्न. युव्हेंटसवाल्यांनी याची कुंडली तपासून घ्यायला हवी होती.

रूरकाठी

@तिरकी_किक, आणि बुट्टचा आमच्या विषयाशीही संबंध आहे. फेब्रुवारी २००७, लेव्हरकूझन शाल्केच्या मैदानावर खेळायला आलं. बुट्ट निलंबित. म्हणून बावीस वर्षांच्या रेने आडलरला पहिली मॅच मिळाली. त्याने अशी काही मॅच काढली की लेव्हरकूझन १-० जिंकलं आणि बुट्टची जागा गेली ती गेलीच. समोरच्या गोलमध्ये कोण उभा होता? नॉयर, जेमतेम तीन-चार महिन्यांपूर्वी पक्का झालेला.

त्या हंगामात शाल्के विजेतेपदाच्या किती जवळ होतं ठाऊक आहे? शेवटून दुसऱ्या फेरीत डॉर्टमुंडमध्ये ०-२ हरले आणि स्टुटगार्ट ७० गुणांवर चॅम्पियन, शाल्के ६८. माझ्या घरमालकाचा चेहरा अजूनही मे महिना आला की उतरतो.

यष्टीमागे

क्रिकेटमध्ये हाच घोळ विकेटकीपरचा. दिनेश कार्तिक धोनीच्या आधी भारताकडून खेळला, वनडेतही आणि कसोटीतही. मग धोनी आला. पुढची गोष्ट सांगायची गरज आहे का?

बव्हेरियन_बंड्या

@यष्टीमागे, निदान कार्तिक फलंदाज म्हणून तरी खेळला. गोलीने काय सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळायचं?

तिरकी_किक

आता गंभीरपणे. सगळे नशीब आणि जागा यावर बोलताहेत, खेळाबद्दल कोणी बोलत नाहीये.

१९९२ साली नियम बदलला. आपल्या खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला पास गोलीने हातात घ्यायचा नाही. त्या वेळी कान तेवीस वर्षांचा होता, त्याचे हात-पाय तयार झालेले. नॉयर सहा वर्षांचा. म्हणजे नॉयरची पिढी ही पहिली, जी लहानपणापासून पायाने खेळायला शिकत मोठी झाली. त्यात त्याचा आदर्श येन्स लेमान. लेमान १९९८ पर्यंत शाल्केचाच गोली, पुढे सरसावून खेळणारा. १९९७ च्या डिसेंबरमध्ये त्याने डॉर्टमुंडविरुद्ध शेवटच्या क्षणी हेडरने गोल करून मॅच २-२ केली होती! गोलीने! अकरा वर्षांच्या शाल्केवेड्या पोराने हे पाहिल्यावर तो गोलच्या रेषेवर चिकटून कसा राहील?

आणि याची किंमतही त्याने मोजलीय. ५ एप्रिल २०११, सान सिरो, चॅम्पियन्स लीग उपांत्यपूर्व फेरी, समोर गतविजेता इंटर. पहिलं मिनिटही पुरं झालं नव्हतं. नॉयर पेनल्टी बॉक्सच्या बाहेर धावत आला, हेडरने बॉल लांब मारला. तो जाऊन पडला थेट इंटरच्या स्टान्कोविचकडे आणि त्याने मध्यरेषेजवळून पहिल्याच फटक्यात रिकाम्या गोलमध्ये टाकला. दुसरा कुठला गोली असता तर उरलेली एकोणनव्वद मिनिटं रेषेवरून हलला नसता. नॉयर पुढच्या हल्ल्याला पुन्हा तितकाच पुढे. शाल्के ५-२ जिंकलं, आणि परतीची मॅच धरून ७-३.

भाच्याने हे बघायला हवं. चूक झाल्यावर त्याने खेळायची पद्धत बदलली नाही.

पेठकरी

सान सिरोमध्ये जमतं. शाहू स्टेडियमवर असला गोल खाल्ला की पुढच्या हल्ल्याला तू पुढं असतोस खरा, पण गेटच्या दिशेनं.

मांडवीकाठ

गोव्यातून नमस्कार. आमचे ब्रह्मानंद शंखवाळकर विसरू नका हं. साळगावकरचे, भारताचे कर्णधार, अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ला पद्मश्री. नॉयर वगैरे ठीक आहे, पण आमच्या लहानपणी गोली म्हणजे एकच नाव. माझे बाबा अजून कोणी चांगला कॅच घेतला की "ब्रह्मा!" म्हणतात.

जर्मन गोलीचं भारताशी नातं हवं असेल तर तेही आहे. ऑलिव्हर कान बायर्नसाठी शेवटची मॅच कुठे खेळला? म्युनिकमध्ये नाही. कोलकात्यात! २७ मे २००८, सॉल्ट लेक स्टेडियम, मोहन बागानविरुद्ध. मी तेव्हा नोकरीनिमित्त तिथे होतो. तिकीट मिळालं नाही, बाहेर उभं राहून फक्त आवाज ऐकला. तो आवाज मात्र कानात आहे. (श्लेष हेतुपुरस्सर.)

शुद्धलेखन_आजोबा

श्लेष बरा आहे. सहा गुण. दहापैकी.

रूरकाठी

कानचा विषय निघालाच आहे तर तरुण नॉयरची माझी सर्वांत आवडती गोष्ट.

२००१ चा मे. शेवटच्या दिवशी शाल्के आपली मॅच जिंकून चॅम्पियन झाल्यासारखं नाचत होतं. चार मिनिटं. तिकडे हाम्बुर्गमध्ये जादा वेळेत बायर्नने बरोबरीचा गोल केला आणि विजेतेपद गेलं. तेव्हा कानने कोपऱ्याचा झेंडा उपटला आणि तो घेऊन जमिनीवर आडवा पडून ओरडत राहिला. हे दृश्य पाहणाऱ्या शाल्केच्या लाखो रडणाऱ्या लोकांमध्ये पंधरा वर्षांचा नॉयर होता.

आता २५ एप्रिल २००९. शाल्के म्युनिकमध्ये जाऊन १-० जिंकलं. शिट्टी वाजली आणि नॉयर धावत सुटला, कोपऱ्याचा झेंडा पकडला आणि कानसारखाच आडवा पडला. आठ वर्षांचा हिशेब! दोन दिवसांनी बायर्नने क्लिन्समनला काढलं.

म्हणूनच २०११ च्या मार्चमध्ये जर्मन कपच्या उपांत्य सामन्यात म्युनिकच्या प्रेक्षकांनी "कोआन नॉयर" असे कागद धरले. बव्हेरियन बोलीत "नॉयर नको". हजारो कागद. त्या मॅचमध्येही शाल्के १-० जिंकलं, राउलचा गोल. एप्रिलमध्ये नॉयरने करार वाढवणार नसल्याचं जाहीर केलं, बोलताना रडला. मे महिन्यात कर्णधार म्हणून कप उचलला, अंतिम सामन्यात ड्यूसबुर्गला ५-०. आणि मग गेला कुठे? म्युनिकला!

आमच्या बाजूला तो गद्दार, त्यांच्या बाजूला नकोसा. बायर्नच्या कट्टर चाहत्यांनी त्याच्यासाठी नियम काढले होते: आमच्या स्टँडजवळ यायचं नाही, छातीवरच्या बोधचिन्हाचा मुका घ्यायचा नाही, वगैरे.

बव्हेरियन_बंड्या

आणि पहिल्याच लीग मॅचला ग्लाडबाखविरुद्ध बोआटेंगशी गोंधळ घालून गोल खाल्ला, ०-१. मी टीव्हीसमोर रिमोट फेकला होता, कबूल. त्यानंतर सगळ्या स्पर्धा मिळून हजाराहून जास्त मिनिटं एकही गोल नाही. कानचा विक्रम मोडला. मग मी रिमोट नवीन आणला.

अनघा_जोगळेकरवाडी

इतका वेळ नुसती वाचत होते. एक वेगळी गोष्ट लिहायची आहे, रसभंग झाला तर माफ करा.

मी हॉकीत गोलकीपर होते, विद्यापीठ पातळीपर्यंत. गोलच्या त्या चौकटीत माणूस फार एकटा असतो. स्ट्रायकरने चार संधी वाया घालवल्या आणि पाचवी घातली तर तो हिरो. आमचं उलटं. चार वाचवले ते कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

तुम्ही सगळे "कोणाची जागा कोणाला मिळाली" अशी यादी करताय त्यात एक नाव कोणी घेतलं नाही, कदाचित मुद्दामच. रॉबर्ट एन्के. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीच्या गोलमध्ये उभा राहण्याची शक्यता असलेला माणूस. १० नोव्हेंबर २००९ ला त्याने आयुष्य संपवलं. कित्येक वर्षं नैराश्याशी झगडत होता आणि ते लपवून ठेवावं लागत होतं. कळलं तर जागा जाईल ही भीती होती. त्याच्या पत्नीने दुसऱ्याच दिवशी पत्रकारांसमोर बसून सगळं सांगितलं. ती बाई किती धीराची असेल.

म्हणून धागाकर्त्यांना एकच विचारते. भाच्याला "वाट बघ" किंवा "सोडून दे" सांगण्याआधी, दोन वर्षं बेंचवर बसून त्याला कसं वाटतंय हे कोणी विचारलंय का?

उजवी_उडी

अनघाताई, नाही विचारलं. मी गोष्टच सांगत बसलो. आज फोन करतो.

वाचनवेडी

अनघाच्या प्रतिसादाला +१. आणि थोडा वेळ बाकीच्यांनी जोक बंद ठेवा.

तिरकी_किक

ठेवले.

एन्के गेल्यानंतरचा क्रम पाहिला की मूळ प्रश्न आणखी अवघड होतो. २०१० साठी आडलर पहिला ठरला होता. त्याची बरगडी मोडली, स्पर्धा हुकली. म्हणून नॉयर. चोवीस वर्षांचा, वर्षभरापूर्वीच पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळलेला. आणि इंग्लंडविरुद्ध त्याची ती लांब किक, मध्ये कोणाचा स्पर्श नाही, थेट आपल्या स्ट्रायकर क्लोजच्या पुढ्यात आणि गोल. ४-१. (इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल रेषेच्या आत हातभर पडला होता, पण नॉयरने काही झालंच नाही अशा थाटात उचलून खेळ पुढे नेला. तोही एक गुणच म्हणायचा का, यावर वेगळा धागा काढा.)

पण यातही पूर्ण नशीब नाही. २००९ चा २१ वर्षांखालचा युरो पाहा. स्वीडनमध्ये, कोच होर्स्ट ह्रुबेश. अंतिम सामन्यात इंग्लंडला ४-०. त्या संघातले नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, हवेडेस, खेदिरा आणि ओझिल हे सहा जण पाच वर्षांनी विश्वविजेते. आणि त्याआधी ५ मार्च २००८, चॅम्पियन्स लीगमधली पोर्टोची परतीची मॅच. मूळ वेळेत आणि जादा वेळेत पोर्टोने नुसता भडिमार केला. नॉयरने एवढं अडवलं की पोर्टोला एकच गोल मिळाला आणि दोन्ही मॅच मिळून बरोबरी राहिली. मग शूटआउटमध्ये ब्रूनो आल्व्हेस आणि लिसांद्रो लोपेस यांच्या पेनल्टी अडवल्या. शाल्के पुढच्या फेरीत. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. आडलरची बरगडी मोडायच्या दोन वर्षं आधी.

कोलोनचा_पाहुणा

ताजं उदाहरण राहिलं. योनास उर्बिग.

मी कोलोनला कामानिमित्त असतो. उर्बिग इथलाच, २००३ चा, नऊ वर्षांचा असल्यापासून कोलोनच्या पोरांमध्ये. त्याचं शिक्षण मात्र बेंचवर झालं नाही. क्लबने त्याला उसना दिला. आधी रेगेन्सबुर्ग, मग फ्यूर्ट, दोन्ही दुसऱ्या श्रेणीत. परत आल्यावर २०२४ च्या हंगामाची सुरुवात कोलोनचा पहिला गोली म्हणून केली आणि काही महिन्यांत ती जागा गमावलीही. आमच्याकडे लोक म्हणू लागले, झालं, संपलं. आणि २०२५ च्या जानेवारीत बायर्नने उचलला! कोलोनच्या बेंचवरून थेट म्युनिकच्या बेंचवर.

५ मार्च २०२५. बायर्न विरुद्ध लेव्हरकूझन, चॅम्पियन्स लीग. लेव्हरकूझनच्या गोलीच्या हातून क्रॉस सुटला, मुसियालाने २-० केले. नॉयरने आनंदाने उडी मारली आणि पोटरी धरली. बाहेर. एकवीस वर्षांचा उर्बिग आत. बायर्नकडून पहिली मॅच. गोल खाल्ला नाही, ३-० जिंकले.

पेठकरी

थांब थांब. म्हणजे २००६ ला रॉस्टच्या दुखण्यानं नॉयरला आत आणलं आणि २०२५ ला नॉयरच्या दुखण्यानं या पोराला? आणि ती तारीखही ५ मार्च, पोर्टोवाली? नादखुळा योगायोग.

कोलोनचा_पाहुणा

तारखेचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं!

पुढचं मात्र गोड नाही. तीनच दिवसांत बोखुमविरुद्ध पहिली बुंडेसलिगा मॅच, घरच्या मैदानावर २-० पुढे होते, मग एक गोल खाल्ला, एक खेळाडू लाल कार्ड घेऊन गेला आणि २-३ हरले. एप्रिलमध्ये इंटरने बाहेर काढलं, १-२ आणि २-२. इंटरच्या गोलमध्ये कोण? छत्तीस वर्षांचा यान सोमर. २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्कीइंग करताना नॉयरने पाय मोडून घेतला तेव्हा बायर्नने धावतपळत आणलेला गोली तो हाच.

बव्हेरियन_बंड्या

ठीक आहे, माझं मत थोडं मवाळ करतो. पूर्ण नाही. उर्बिगचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो घडला दुसऱ्या श्रेणीत प्रत्यक्ष मॅच खेळून. रेन्झिंग पाच वर्षं कानकडे पाहत बसला, उर्बिगने वेळेत बॅग भरली. टेर श्टेगनचंही पाहा. १८ वर्षांचा, ग्लाडबाख तक्त्याच्या तळाला, एप्रिल २०११ मध्ये पहिली मॅच कोलोनविरुद्ध. ५-१ जिंकले, पुढे श्रेणी वाचवली. तिथे कोणी जखमी नव्हतं, कोच फाव्हरला नवा गोली हवा होता. बुडत्या संघात जागा मोकळी होते, भरलेल्या घरात नाही.

तेव्हा भाच्याला सांगा: गोली राहा, पण क्लब बदल. छोट्या संघात जा. आठवड्याला पंधरा शॉट येतील अशा ठिकाणी. चार गोल खा. पेठकरींसारखे.

पेठकरी

आभारी आहे.

रूरकाठी

बंड्याशी पहिल्यांदाच सहमत. घरमालकाला सांगू नका, तो बायर्नवाल्याशी सहमत होणाऱ्याला घर देत नाही.

उजवी_उडी

मंडळी, काल बोललो भाच्याशी. तासभर. अनघाताई, तुमचं खरं निघालं. त्याला बेंचचं दुःख नाही. सरावात कोच त्याला नावाने हाक मारत नाही, "ए दुसरा" म्हणतो, ते त्याला लागलंय. आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं.

डिफेंडर व्हायचं खूळ तूर्त मागे पडलंय. बंड्याचा सल्ला ताईला पटलाय, जूनपासून दुसरा क्लब शोधतोय. हडपसरकडे एक छोटा संघ आहे, त्यांचा गोली शिक्षणासाठी बाहेर चाललाय. जखम नाही, ॲडमिशन.

हा सगळा धागा मी त्याला वाचून दाखवला. नॉयर, पोर्टो, झेंडा, सगळं. मला वाटलं झेंड्याची गोष्ट आवडेल. शेवटी त्याने एकच विचारलं, "मामा, रॉस्टचं पुढे काय झालं?"

मला सांगता आलं नाही. कोणी सांगेल का?

रूरकाठी

सांगतो की! तो जानेवारी २००७ मध्ये गेला तेव्हा हाम्बुर्ग तक्त्याच्या तळात होतं. रॉस्ट आला, पाठोपाठ कोच म्हणून हूब स्टेव्हन्स आला, आणि तो संघ हंगामाअखेर सातवा आला. रॉस्ट तिथे २०११ पर्यंत पहिला गोली म्हणून खेळला, मग न्यूयॉर्कला. म्हणजे जागा गमावल्यानंतरही चार वर्षांहून जास्त तो पहिल्या श्रेणीत उभा होता.

आणि भाच्याला हेही सांगा. शाल्केला यायच्या आधी, २००२ च्या मार्चमध्ये, ब्रेमनकडून खेळताना हान्सा रोस्टोकविरुद्ध ब्रेमन २-३ मागे होतं. शेवटच्या मिनिटाला रॉस्ट आपला गोल सोडून समोरच्या बॉक्समध्ये गेला आणि त्याने गोल केला. ३-३. पेनल्टी नाही, चालू खेळात. ब्रेमन ती मॅच ४-३ जिंकलं.

तिरकी_किक

@रूरकाठी, हे आधी का नाही सांगितलंस? मी बुट्टवर अख्खा प्रतिसाद वाया घालवला.

उजवी_उडी

वाचून दाखवलं. व्हिडिओ शोधत बसलाय. ताई ओरडतेय की उद्या गणिताचा पेपर आहे.